देवाचा उजवा खांदा

मी पाचवीत असेपर्यंत आमच्या गावचा देव बऱ्यापैकी 'हो' म्हणायचा. नंतर त्याचं काय बिनसलं कोण जाणे, तो ऊठसूट सगळ्यांना 'नाही' म्हणायला लागला. आमचं गाव मालवणच्या वर, तोंडवलीच्या अलीकडे, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी. गावात पोस्ट नव्हतं, दवाखाना नव्हता, पण देव होता आणि त्याच्याकडे सगळ्या प्रश्नांची उत्तरं होती. फक्त ती सगळी एकच झाली होती.

आमच्याकडे देवाला कौल लावतात. मूर्तीवर पाणी घालून ती ओली करायची आणि दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवायची. मग गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवाला हाका मारून आपला प्रश्न त्याच्या कानावर घालायचा, आणि आपण मध्येमध्ये 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. देवाच्या उजव्या खांद्यावरची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्न, विहीर, होडी, म्हैस, मुंबईची नोकरी, सगळं या दोन पाकळ्यांवर ठरायचं. वकील, डॉक्टर आणि मामलेदार हे तिघेही आमच्याकडे त्या एका गाभाऱ्यात उभे होते.

तर हा देव नाही म्हणायला लागला. एकाने नवी होडी घेऊ का विचारलं, नाही. दुसऱ्याने विहीर खणू का विचारलं, नाही. सुनेला माहेरी धाडू का, नाही. गावात सहा वर्षं नवी होडी पाण्यात उतरली नाही आणि पाच-सहा मुलींची लग्नं अडून बसली. हुशार लोक गुपचूप शेजारच्या गावच्या देवाकडे जायला लागले, कारण तो अजून माणसात होता. आमच्या देवाचा खरा समाधानी भक्त एकच उरला होता. त्याने दारू सोडू का असं विचारलं होतं.

देव रागावला आहे असं गावाचं ठरलं. रागावलेल्या माणसाला जेवू घालतात, तसं गावाने देवाला न्हाऊमाखू घालायला घेतलं. शहाळ्याचं पाणी, दही, मध, लिंबाचा रस, जे आंबटगोड घरात सापडेल ते त्याच्या डोक्यावर. सणाआधी गुरव नारळाच्या सोडणाने, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीने, त्याला खसाखसा घासायचा, जुन्या तेलाचा थर निघेपर्यंत. मागची पितळी प्रभावळ चिंचेने चकचकीत करायचा, ते चिंचेचं पाणीही देवाच्या अंगावरून खाली. एवढं करून देवाचा राग वाढतच गेला.

माझे बाबा या देवाचे कट्टर माणूस. तरुणपणापासून आगबोटीवर खलाशी होते. दुसरी मोठी लढाई संपल्यावर जिवंत घरी आले, तेव्हा देवळाला काहीतरी द्यावं असं त्यांच्या मनात आलं. गाभारा काळोखी होता, समयांच्या धुराने जीव घुसमटायचा. बाबांनी दक्षिणेच्या भिंतीचे जांभ्या दगडाचे चार चिरे काढून तिथे सागवानी गजांची खिडकी बसवून दिली. देवाचं तोंड पूर्वेला, म्हणजे खिडकी बरोबर त्याच्या उजव्या हाताला आली. देवाला वारा लागायला लागला म्हणून गाव खूश झालं आणि बाबांना जत्रेत नारळाचा मान मिळाला.

पुढे सात-आठ पावसाळे गेल्यावर बाबा रजेवर घरी आले होते, तेव्हा बोटीवरून पत्र आलं की परत येत असाल तर सारंगाची जागा देतो. सारंग म्हणजे बोटीवरच्या सगळ्या खलाशांचा मुख्य. ही जागा बाबांनी वीस वर्षं डोळ्यांसमोर ठेवली होती. त्यांनी कौल लावला. डावी पाकळी पडली. बाबांनी पत्राला उत्तर घातलं नाही, पत्र्याची पेटी माळ्यावर टाकली आणि भातशेती करायला घेतली. शेती त्यांना येत नव्हती. नांगर ते सुकाणू धरल्यासारखा धरायचे आणि बैलांना त्यातलं काही कळायचं नाही. संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन बसायचे आणि लांबून जाणाऱ्या बोटीचा धूर बघून ती कुठली, कुठे चालली, ते आम्हाला सांगायचे. देवाला मात्र त्यांनी कधी दोष दिला नाही.

मी तेव्हा मालवणच्या शाळेत जायचे. भूगोलाचे मास्तर घाटावरचे होते. त्यांना मासे आवडत नव्हते, ओला वारा आवडत नव्हता आणि आम्ही तर अजिबातच आवडत नव्हतो. पण दगड आवडायचे. खडकांचं विदारण हा धडा त्यांनी वर्गात शिकवलाच नाही. आम्हा सगळ्यांना किनाऱ्यावर नेलं आणि खडकांवर बोटं फिरवायला लावली. दगड कडक असतो हा तुमचा गैरसमज आहे, म्हणाले. खारं पाणी त्याच्या बारीक भेगांत शिरतं. ऊन पडलं की पाणी उडून जातं, पण मीठ आतच राहतं. त्याचे खडे धरतात, खडे वाढतात, आणि जागा पुरेनाशी झाली की शेजारचा कण बाहेर ढकलतात. न बोलावता आलेला पाहुणा हळूहळू यजमानालाच ओटीवर झोपायला लावतो तसं, म्हणाले. हे झालं कायिक विदारण.

दुसरं रासायनिक. करड्या दाणेदार दगडात दोन-तीन जातींचे कण असतात. त्यातली एक जात आंबट पाण्याला भिते. पावसाचं पाणीसुद्धा थोडं आंबट असतं, त्यात कुजक्या पानांचा आंबटपणा मिसळला की ते कण कुजून त्यांची पांढरी माती होते आणि वाहून जाते. गारगोटीचे कण तेवढे घट्ट, ते तसेच राहतात. मग जो दगड एके काळी गुळगुळीत होता तो हाताला खसखशीसारखा लागतो. आणि तुमचा जांभा म्हणजे तर हे सगळं होऊन गेल्यावर उरलेला लोखंडाचा गाळ, तुम्ही सगळे कुजलेल्या दगडाच्या घरात राहता, असंही त्यांनी सांगितलं. मी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा आमची आई मास्तरांवर आठवडाभर रागावून होती.

अकरावी पास झाले. कोल्हापूरला मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी अर्ज मास्तरांनीच भरून दिला आणि तिथून पत्र आलं की जागा आहे, महिनाअखेर हजर व्हा. मला जायचं होतं. या पट्टीवर राहून मला भात लावायचा नव्हता आणि कोणाच्या मुंबईच्या मनीऑर्डरची वाट बघत उंबऱ्यावर बसायचं नव्हतं. बाबांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "देवाक इचारूया."

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. झालंही तसंच. डावी पाकळी टपकन पडली, उजवी डिंकाने चिकटवल्यासारखी जागच्या जागी. बाबा म्हणाले, "नाय म्हटल्यान." विषय संपला. त्याच आठवड्यात तारकर्लीच्या एका मुलाचं स्थळ आलं. बाबांनी त्याचाही कौल लावला, कारण ते न्यायी होते. देव त्यालाही नाही म्हणाला. आई घरी येऊन भांडी आपटत म्हणाली, "शिकूक धाडुचा नाय, लगीन करुचा नाय, मगे ह्या चेडवाचा लोणचा घालूचा काय?" तिने हे देवाला विचारलं नाही, पण विचारलं असतं तरी उत्तर ठरलेलंच होतं.

दोन नकार एका आठवड्यात पाहिल्यावर माझ्या डोक्यात मास्तरांचा धडा वळवळायला लागला. दोन्ही वेळा उजवी पाकळी हललीसुद्धा नव्हती. आषाढातला सण तोंडावर होता आणि देऊळ धुवायला पाणी वाहून द्यायचं काम आम्हा मुलींकडे असायचं. गुरव चिंचेने घासून झालेली प्रभावळ धुवायला विहिरीवर गेला तशी मी गाभाऱ्यात शिरले. बाईमाणसाने तिथे पाऊल टाकायचं नसतं हे मला माहीत होतं. मी दोन्ही पावलं टाकली.

आमचा देव मास्तरांच्या त्याच करड्या दाणेदार दगडाचा. आधी त्याच्या डाव्या खांद्यावर हात फिरवला. गुळगुळीत, धुतलेल्या ताटासारखा. मग उजव्या. तो खरखरीत होता, इतका की तळहात कोरड्या वाळूवरून फिरवल्यासारखं वाटलं. हात काढला तर बोटांवर पाच-सहा कण आणि थोडी पांढरट माती. खिडकीच्या खालच्या भिंतीवर पांढरी बुरशी आल्यासारखं काहीतरी होतं. खिडकीतून पावसाळी वारा समुद्राचे तुषार घेऊन सरळ देवाच्या खांद्यावर येत होता, बारा-तेरा वर्षं, आणि उरलेलं काम लिंबाने, दह्याने आणि सोडणाने केलं होतं. खरखरीत जागी ओली पाकळी धरून बसते, गुळगुळीत जागेवरून घसरते. देव रागावला नव्हता. देव झिजला होता. खात्री करावी म्हणून मी बोट चाटलं. खारट लागलं. त्या देवाला चाटणारी गावाच्या इतिहासात मी पहिलीच असणार.

"काय करतंस गो थंय?" मागून गुरव. हातात ओली प्रभावळ.

"मीठ बघतंय," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

तो ओरडेल, गाव गोळा करेल, असं वाटलं होतं. त्याने प्रभावळ खाली ठेवली आणि उंबऱ्यावर बसला. म्हातारा झाला होता, गुडघे दुखायचे. "माका म्हायत आसा," म्हणाला. "चार वर्सा झाली, माका म्हायत आसा. पाकळी लावतंय मीच. हाताक कळता."

"मगे सांगलात नाय कित्याक?"

"सांगान काय करू? झिजलली मूर्त पूजूक चलना नाय. समुद्रात सोडूची लागतली. नवी बसवूक गाव एक होवक व्हयो. ह्या गावात दोन माणसा एका होडयेत बसनत नाय. देव जायत, देवळाक कुलूप पडात, आणि मी ह्या वयात खंय जाव?"

त्याचं खरं होतं, आणि माझंही काही भलं होत नव्हतं. मी बोंब मारली तर देव समुद्रात, नवा देव बसेपर्यंत कौल बंद, आणि कौल नसला की बाबा पायातली चप्पलही बदलणार नाहीत. महिनाअखेर सरून जाणार. मी रडायला लागले. रागानेच, पण रडले. गुरव खिडकीकडे बघत म्हणाला, "बापाशीक परत एकदा कौल लावूक सांग. आणि तू गप ऱ्हव. मी बघतंय काय ता."

तो काय बघणार होता ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सगळी चूक तिथेच झाली. कारण घरी येईपर्यंत मला माझा स्वतःचा उपाय सुचला होता, आणि तो मला त्या दारुड्याने दिला होता. देव जर नाहीच म्हणणार, तर प्रश्नच असा विचारायचा की नाही म्हटल्यावर माझं काम होईल.

दोन दिवस मी बाबांच्या मागे लागले. म्हटलं, तुम्ही देवाला विचारलंत धाडू का. म्हणजे सगळी जोखीम देवाच्या गळ्यात. उद्या मला कोल्हापुरात काही झालं तर देवाचं नाव खराब, म्हणून तो बिचारा नाही म्हणतो. घरात ठेवू का, असं विचारून बघा. बाबांना बोटीवर एकच हुकूम दोन्ही बाजूंनी विचारून घ्यायची सवय होती, त्यामुळे त्यांना त्यात वावगं दिसलं नाही. आईनेही री ओढली. "इचारा, इचारूक काय जाता?"

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं देवळात गेलो. पाऊस धरून होता, गावातलं दुसरं कोणी नव्हतं. गुरवाने पाकळ्या आधीच लावून ठेवल्या होत्या आणि माझ्याकडे बघून डोळा बारीक केला. मला वाटलं, धीर देतो आहे. बाबा हात जोडून म्हणाले, "चेडवाक घरातच ठेवूचा काय, ह्या इचार."

गुरवाचं तोंड उतरलं. का उतरलं ते मला तेव्हा कळलं नाही. तो देवाकडे वळला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाणं एरवी पाच मिनिटांचं. त्या दिवशी त्याने गावच्या सीमेवरचे, खाडीपलीकडचे, वडावरचे, पिंपळावरचे, वाटेवरचे, आडवाटेवरचे झाडून सगळे देव आणि भुतं बोलावली. आमच्या घराण्याच्या ज्या पूर्वजांची बाबांनाही खबर नव्हती त्यांनाही उठवलं. प्रश्नाकडे येतच नव्हता. आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणून दमलो. आणि तेवढ्यात मला दिसलं की देवाचा उजवा खांदा चकाकतो आहे.

त्याने तेल लावलं होतं. माझ्यासाठी, पहाटे येऊन, त्या खरखरीत खांद्यावर खोबरेल चोपडलं होतं, उजवी पाकळी सुटावी म्हणून. आणि मी इकडे प्रश्न उलटा करून ठेवला होता. आता तो तोंडाने भुतं बोलावत होता आणि डोळ्यांनी डाव्या पाकळीची विनवणी करत होता. उजवी पाकळी हलली. थोडी खाली सरकली. देवाच्या दंडावरून आरामात घसरत आली आणि पायाशी पडली. सहा वर्षांत पहिल्यांदा देव हो म्हणाला, आणि तो मला घरात ठेवायला.

बाबा वाकले, पाकळी उचलली, दोन बोटांत चोळली. मग बोटं नाकाशी नेली. त्यांनी गुरवाकडे बघितलं. गुरव छपराकडे बघत होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"कोणी लावल्यान तेल?"

मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. गुरवाने तोंड उघडलं, पण त्याला बोलू दिलं तर बिचाऱ्याचं घर बुडेल म्हणून मीच सगळं बोलून टाकलं. मीठ, कण, पांढरी माती, दही, लिंबू, सोडण. बोलता बोलता थांबायला हवं होतं तिथे थांबले नाही आणि म्हटलं, "देव कोणाकच नाय म्हणूक नाय, बाबा. तुमच्या खिडकेन तेचो खांदो खाल्ल्यान."

बाबा गाभाऱ्यात गेले. गुरवाने त्यांना अडवलं नाही. त्यांनी देवाच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला, मग उजव्यावर, तेल पुसून. बोटीवर वर्षानुवर्षं खाऱ्या वाऱ्याने खाल्लेलं लोखंड त्यांनी खरवडलं होतं, रंगवलं होतं. त्यांना मास्तरांच्या धड्याची गरज नव्हती. हात तसाच खांद्यावर ठेवून, देवाकडे तोंड करूनच त्यांनी गुरवाला विचारलं, "माझो कौल लावलंस, तेव्हा ह्यो असोच होतो?"

गुरव खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. मला आजही तसं वाटतं. तो म्हणाला, "तेव्हा म्हायत नव्हता. पण आता इचार करतंय तर, उजवी पाकळी तेव्हाच चिकटाक लागलली."

बाहेर पाऊस चालू होता आणि खिडकीतून तुषार आत येत होते. बाबांच्या तळहाताला दगडाचे चार कण लागले होते. ते त्यांनी झटकले नाहीत, देवाच्या पायाशी ठेवले. बाहेर आले आणि मला म्हणाले, "पिशवी भर." त्याच दिवशी भिजत जाऊन त्यांनी चार चिरे आणले आणि ती खिडकी स्वतःच्या हाताने बुजवली. गावाला सांगितलं की पाऊस आत येतो. देव समुद्रात गेला नाही, गुरव देवळातच म्हातारा झाला, आणि वरचेवर तेल मिळायला लागल्यावर देव पुन्हा माणसांसारखा कधी हो, कधी नाही म्हणायला लागला.

मला ते फोंडाघाटापर्यंत सोडायला आले. तिथे कोल्हापूरची गाडी मिळाली. घाट चढताना मी मागे बघितलं नाही, मला पुढचं बघायची घाई होती. पुढे सुट्टीत घरी यायचे तेव्हा पाहायचे, दुसऱ्यांच्या कौलाला बाबा हजर असत, सगळ्यांबरोबर 'व्हय म्हाराजा' म्हणत. स्वतःसाठी त्यांनी परत कधी कौल लावला नाही. आई म्हणायची, तुम्हीही काहीतरी विचारा. ते म्हणायचे, "माका काय इचारूचा नाय." तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते.